साडेचार म्हणजे किती?

अकरावीच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपरचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला आहे आणि पुष्कळांनी तो शिकवलाही आहे. एका धातूच्या गोळीचा व्यास तीनदा मोजायचा. विद्यार्थी वाचने घेतो : २.३४, २.३६, २.३४ सेंटिमीटर. मग गणकयंत्राने सरासरी काढतो आणि वहीत ऐटीत लिहितो : २.३४६६६७ सेंटिमीटर. आपण लाल शाईने शेवटचे चार अंक खोडतो व त्याला विचारतो, "अरे, तुझ्या उपकरणाचे लघुतम माप ०.०१ सेंटिमीटर. मग सेंटिमीटरच्या दशलक्षाव्या भागापर्यंतची बातमी तुला कोणी दिली?"

हाच प्रश्न आज आम्हाला एका राष्ट्रीय संस्थेला विचारायचा आहे. तिचे नाव राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद. देशात कोणती संस्था कौशल्याचे प्रमाणपत्र देऊ शकते, परीक्षा कोणी घ्यायची, कोणता अभ्यासक्रम कोणत्या पातळीचा, हे ही परिषद ठरवते. दहावीनंतर आय.टी.आय.कडे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांशी तिचा संबंध आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षण शाळेतच आणायचे ठरवल्यामुळे आता तो आपल्या वर्गातल्या सगळ्याच मुलांशी आला आहे. तरीही शिक्षकांच्या खोलीत तिचे नाव क्वचितच ऐकू येते.

आधी थोडा इतिहास. स्वातंत्र्यानंतर कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन यांचे अभ्यासक्रम, त्यांच्या अखिल भारतीय परीक्षा आणि ते सुपरिचित प्रमाणपत्र हे सारे तिच्या नावाने चालत असे. २००८ नंतर चित्र गुंतागुंतीचे झाले. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आले, त्याच्या आधाराने उद्योगनिहाय कौशल्य परिषदा आल्या, २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास अभिकरण आले. यातल्या उद्योगनिहाय परिषदा कामाचे मानक स्वतःच लिहीत, केंद्रांना मान्यता स्वतःच देत, परीक्षा आपल्याच यादीतल्या संस्थांकडून घेववीत आणि प्रमाणपत्रावर सहीही स्वतःच करीत. शाळेत प्रश्नपत्रिका काढणारा, उत्तरपत्रिका तपासणारा आणि निकालावरून बक्षीस मिळवणारा एकच माणूस असला तर आपण काय म्हणू? शारदा प्रसाद समितीने २०१६ मध्ये या हितसंबंधांच्या गुंत्यावर कठोर टीका केली. डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने जुनी परिषद व अभिकरण यांना एकत्र करून नवी परिषद निर्माण झाली आणि १ ऑगस्ट २०२० पासून तिचे काम सुरू झाले.

एवढे एकत्रीकरण व्हायलाच हवे होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी आणि परीक्षा घेणारी संस्था वेगळी हे तत्त्व नव्या परिषदेने मान्य केले, हेही चांगले. मात्र त्याच नियमांत दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या संस्थांचाही एक वर्ग ठेवला आहे. म्हणजे पुढचे दार बंद केले आणि मागचे लोटून घेतले, कडी लावली नाही. शिवाय परिषद संसदेच्या कायद्याने नव्हे तर सरकारी अधिसूचनेने बनलेली आहे, आणि ज्या कौशल्य विकास मंत्रालयाच्या योजनांतून लाखो प्रमाणपत्रे वाटली जातात, त्याच मंत्रालयाखाली ती काम करते. असो. हे राज्यकारभाराचे प्रश्न झाले. आमचा मुख्य आक्षेप मोजमापाचा आहे.

देशातली सर्व कौशल्ये एका शिडीवर मांडायची, या कल्पनेला राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट म्हणतात. डिसेंबर २०१३ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा शिडीला दहा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीचे वर्णन पाच रकान्यांत होते : काम कशा प्रकारचे, व्यावसायिक ज्ञान किती, व्यावसायिक कौशल्य किती, भाषा-गणितासारखी मूलभूत कौशल्ये कोणती, आणि जबाबदारी कशाची. कल्पना वाईट नाही. वेल्डरला पुढे अभियांत्रिकी पदविकेकडे जाता यावे, सुतारकाम शिकलेल्या मुलीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, यासाठी अशी शिडी हवीच.

पण तो तक्ता नीट वाचावा. कौशल्याच्या रकान्यात तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे वर्णन जवळजवळ एकच आहे. दोन्हीकडे माणसाने नेहमीचे, त्याच त्या प्रकारचे, मर्यादित व्याप्तीचे प्रत्यक्ष काम आठवून करून दाखवायचे आहे. चौथ्या पायरीवर एवढेच वाढवले आहे की त्याने योग्य नियम व योग्य हत्यारे वापरावीत आणि गुणवत्तेचे भान ठेवावे. आम्ही हा तक्ता एका जुन्या सुताराला समजावून सांगितला तेव्हा त्याने विचारले, "म्हणजे तिसऱ्या पायरीवरचा माणूस पटाशीऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरतो का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. ज्ञानाच्या रकान्यातही हेच. एका पायरीवर व्यवसायातील मूलभूत तथ्ये व तत्त्वे, दुसऱ्यावर क्षेत्राचे तथ्यात्मक ज्ञान, तिसऱ्यावर तथ्ये, तत्त्वे, प्रक्रिया आणि सर्वसाधारण संकल्पना. विशेषणे बदलतात आणि पायरी वाढते.

ज्या पट्टीवर शेजारच्या दोन खुणा धड वेगळ्या दिसत नाहीत, तिच्यावर अधल्यामधल्या खुणा कोरायच्या नसतात. २०२३ मध्ये मात्र नेमके तेच झाले. सुधारित चौकटीत पायऱ्या आठ केल्या आणि त्यांच्यामध्ये २.५, ३.५, ४.५, ५.५ व ६.५ अशा अर्ध्या पायऱ्या घातल्या.

या अर्ध्या पायऱ्या आल्या कुठून? त्याच वर्षीच्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत याचे उत्तर सापडते. पाचवी उत्तीर्ण म्हणजे पातळी १, आठवी म्हणजे २, नववी २.५, दहावी ३, अकरावी ३.५, बारावी ४. पदवीचे पहिले वर्ष ४.५, दुसरे ५, तिसरे ५.५. हा क्रम पाहिल्यावर कोडे सुटते. आठवीनंतर दर जूनमध्ये मूल अर्धी पायरी चढते. म्हणजे ही पट्टी कौशल्य मोजत नाही, दिनदर्शिका मोजते. कामाच्या अनुभवाला श्रेयांक देतानाही वर्षेच मोजली आहेत. अनुभवाची वर्षे जितकी जास्त तितका गुणक मोठा, जास्तीत जास्त दुप्पट. अभ्यासाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक, बाराशे तासांचे एक वर्ष म्हणजे चाळीस. केवळ तास भरून श्रेयांक मिळत नाहीत, त्यासाठी परीक्षा व्हावी लागते असेही ही चौकट सांगते, हे मान्य करायला हवे. मग सारे ओझे त्या परीक्षेवर येऊन पडते. म्हणून ती परीक्षा नेमके काय पाहते ते बघू. त्यासाठी आपल्याला कार्यशाळेत जावे लागेल.

फिटरच्या अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मुलांच्या हाती कानस येते. नरम पोलादाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि त्याचा पृष्ठभाग कानशीने सपाट करायचा. हे काम इतके साधे दिसते की पाहुणे तिथे दोन मिनिटेसुद्धा थांबत नाहीत. पण नवख्या मुलाने तासभर घासल्यावर त्याच्या तुकड्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरावा. दोन्ही कडांशी फट दिसते, मध्ये दिसत नाही. पृष्ठभाग सपाट न होता बहिर्वक्र झालेला असतो. शंभरातल्या नव्वदांचा होतो म्हटले तरी चालेल.

का होतो? सातवी-आठवीत शिकवलेली तरफ आठवा. इथे टेकू म्हणजे तो धातूचा तुकडा. पुढे ढकलण्याच्या सुरुवातीला कानशीचे टोक तुकड्यावर असते. टोकावरचा डावा हात टेकूजवळ असतो आणि मुठीवरचा उजवा हात लांब. दोन्ही हातांनी सारखाच दाब दिला तर लांबच्या हाताचा परिणाम मोठा होतो, मूठ खाली जाते आणि तुकड्याची अलीकडची कड खाल्ली जाते. ढकल संपताना परिस्थिती नेमकी उलट होते. आता मूठ टेकूजवळ असते, टोक पुढे लोंबत असते, आणि पलीकडची कड खाल्ली जाते. कानस पूर्ण आडवी राहायची असेल तर डाव्या हाताचा दाब सुरुवातीला जास्त ठेवून सतत कमी करत न्यावा लागतो, उजव्याचा त्याच वेळी वाढवत न्यावा लागतो, आणि बरोबर मध्यावर दोन्ही समान व्हावे लागतात. हे सारे एका ढकलीत, सेकंद-दीड सेकंदात, आणि मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा.

आता हे वाचून कोणाला कानसकाम येईल का? आम्हाला तरफेचे नियम चांगले येतात, आमचा तुकडा मात्र गोलच झाला होता. उलट ज्या निदेशकाने आम्हाला कानस धरायला शिकवले त्यांनी बलाच्या परिबलाचा उल्लेखही केला नाही. ते पाठीमागे उभे राहून ऐकत होते. कानशीचा आवाज बदलला की न बघता म्हणत, "कोपर खाली आलं." रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांनी याच प्रकारच्या ज्ञानाचा विचार मांडला होता : सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळायचा ते ठाऊक असते, पण ते तो शब्दांत सांगू शकत नाही. असे ज्ञान गूढ नसते. त्याची परीक्षाही अवघड नाही, गुण्या आणि उजेड पुरे. मात्र ती परीक्षा वर्णनाची नव्हे, वस्तूची असावी लागते.

आणि इथेच व्यवस्था घसरते. समजा, तीस जणांची एक तुकडी आहे आणि बाहेरचा परीक्षक एका दिवसासाठी आला आहे. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे, दरडोई सोळा मिनिटे. त्यात ओळखपत्र तपासणे, हजेरी, छायाचित्रे आणि तोंडी प्रश्न. उरलेल्या वेळात पोलादाचा तुकडा सपाट होत नाही. तीस जणांना एकदम कामाला लावले तरी तीस व्हाइस, तीस कानशी आणि तीस जणांचे हात पाहणारे दोन डोळे, हे गणित जमत नाही. मग परीक्षक साहजिकच जे लवकर तपासता येते ते तपासतो : बहुपर्यायी प्रश्न. कानस कोणत्या पोलादाची असते, तिच्या दातांचे प्रकार किती, दाब केव्हा कोणत्या हाताने द्यावा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अचूक देऊ, आणि आमच्या गोल तुकड्यासह उत्तीर्ण होऊ. यात परीक्षकाने लबाडी केली असे मुळीच नाही. त्याला दिलेले उपकरणच ते माप घेऊ शकत नाही.

हा अनुभव आपल्यालाच पहिल्यांदा आलेला नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली राष्ट्रीय व्यावसायिक अर्हतांसाठी अशीच परिषद स्थापन झाली होती. तिनेही पायऱ्या केल्या, पाच. प्रत्येक कामाचे छोटे छोटे घटक पाडले आणि प्रत्येक घटकासाठी, 'हा माणूस अमुक करू शकतो' अशा धर्तीची विधाने लिहिली. विधाने पुरेशी स्पष्ट असली की कोणीही परीक्षक तोच निकाल देईल, अशी श्रद्धा होती. शिक्षणतज्ज्ञ ॲलिसन वुल्फ यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात ही श्रद्धा तपासली. विधान संदिग्ध वाटले म्हणून स्पष्टीकरण जोडावे, तर त्या स्पष्टीकरणातले शब्द संदिग्ध निघतात, मग त्यांचे स्पष्टीकरण, आणि या फेऱ्याला अंत नसतो, असे त्यांनी दाखवून दिले. कागद वाढत जातो, परीक्षकांचे एकमत वाढत नाही. ती परिषद १९९७ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. आपल्याकडची चौकट त्यानंतर सोळा वर्षांनी आली, म्हणजे धडा वाचायला वेळ होता.

जर्मनीचे उदाहरण आपल्याकडे ऊठसूट दिले जाते, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज दिला आहे : १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी भारतीयांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. ही तुलना वाचून आपण खजील होतो. 'औपचारिक' या शब्दाकडे मात्र कोणी पाहत नाही. आमच्या घराच्या भिंती ज्याने ओळंब्यात उभ्या केल्या, तो गवंडी बापाच्या हाताखाली शिकला. करणीवरून माल कसा सरकतो हे पाहून तो पाणी कमी-जास्त सांगतो. या आकडेवारीत तो शून्य आहे. अशा लोकांसाठी पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय योजनेत केली आहे आणि तिचा हेतू उत्तम आहे. पण गवंड्याला काही तास बाकावर बसवून, नंतर प्रश्न विचारून दिलेले प्रमाणपत्र त्याच्याबद्दल घरमालकाला नवे काय सांगते? घरमालक तर भिंत बघून आलेला असतो.

जर्मनीकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. तिथे १९७० पासून व्यवसाय शिक्षणाची संघराज्य पातळीवरची संस्था आहे. ती अभ्यासक्रमांच्या नियमांचे मसुदे तयार करते, संशोधन करते, पण परीक्षा घेत नाही. परीक्षा स्थानिक उद्योग-मंडळांच्या समित्या घेतात. त्या समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असावे लागतात आणि किमान एक व्यवसाय शाळेचा शिक्षक असावा लागतो. पुष्कळ हस्तव्यवसायांत उमेदवाराला एक पूर्ण वस्तू बनवून समितीपुढे ठेवावी लागते. सुताराचे कपाट टेबलावर येते, तीन जण त्याचे खण ओढून बघतात, आणि त्यांचे मत जुळले नाही तर वस्तू तिथेच असते, पुन्हा पाहता येते. जर्मनीची मोठी कारखानदारी आणि मालकांच्या जुन्या संघटना आपल्याकडे नाहीत, म्हणून त्यांची व्यवस्था उचलून आणता येणार नाही, हे खरेच. तीन माणसांनी एक वस्तू पाहणे एवढे मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी जमण्यासारखे आहे.

आणि महाराष्ट्राला तर जर्मनीला जायचीही गरज नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आकाराला आलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी मान्य झाला आणि राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलांनी कार्यशाळेत केलेले काम गावाच्या खऱ्या गरजेसाठी असावे, म्हणजे गावाला सेवा पुरवतच शिकावे, असा तिचा आग्रह. जोडकाम शिकायचे तर कुणाच्या तरी घराचे फाटक करायचे. ते फाटक बिजागरीवर नीट फिरले नाही तर पातळी ३ की ३.५ हा वाद घालायला कोणी बसत नाही, घरधनी दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. इथे परीक्षा आणि वस्तू एकमेकांपासून तुटलेल्या नाहीत.

आमच्या टीकेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. देशात आय.टी.आय. पंधरा हजारांच्या घरात आहेत, त्यांतल्या बहुसंख्य खाजगी. त्याखेरीज अल्पमुदतीची केंद्रे, आणि आता शाळा. प्रत्येक ठिकाणी फाटक बघायला कोण जाणार? एवढ्या मोठ्या पसाऱ्यात काहीतरी सामायिक भाषा हवी, आणि पायऱ्यांची भाषा निदान सामायिक आहे. हे आम्हाला मान्य आहे. म्हणून शिडी मोडा असे आम्ही म्हणत नाही. परिषदेने प्रत्येक फाटक बघावे असेही नाही. वजन-मापे खाते प्रत्येक दुकानातली प्रत्येक तागडी रोज तपासत नाही, पण प्रमाणित वजने जपून ठेवते आणि दुकानातली वजने ठरावीक मुदतीने त्यांच्याशी ताडून पाहते. परिषदेने तसे करावे. फिटरच्या कामाचे दहा नमुने, चांगले, बरे आणि टाकाऊ, तिने जपून ठेवावेत. ते देशभरच्या परीक्षकांकडे पाठवावेत आणि एकाच तुकड्याला कोण किती गुण देतो ते जाहीर करावे. गुणांमधला तो फरक म्हणजेच या उपकरणाचे लघुतम माप. फरक मोठा निघाला तर पट्टीवर अर्ध्या खुणा ठेवायच्या की पूर्ण खुणासुद्धा कमी करायच्या, हे मग आपोआप कळेल. पातळ्यांच्या तक्त्यात आणखी विशेषणे घालण्यापेक्षा हे काम स्वस्तही पडेल.

परिषद हे करीपर्यंत आपण शाळेत छोटा प्रयोग करू शकतो, आणि वाचकांनी तो जरूर करावा. ज्या शाळेत व्यवसाय विषय किंवा कार्यानुभव नीट चालतो, तिथे मुलांनी केलेल्या एकाच प्रकारच्या पाच वस्तू घ्याव्यात : लाकडी चौकट, शिवलेली पिशवी, जोडलेला विजेचा फलक, काहीही. नावे झाकून १ ते ५ क्रमांक टाकावेत. तीन जणांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता, दहापैकी गुण द्यावेत. एक त्या विषयाचा शिक्षक, एक विज्ञानाचा, आणि तिसरा गावातला त्या धंद्यातला माणूस असावा, हे महत्त्वाचे. आठवड्याने क्रमांक बदलून त्याच वस्तू त्याच तिघांपुढे पुन्हा ठेवाव्यात. दोन वेळचे गुण समोरासमोर मांडले की दोन गोष्टी दिसतील : माणसामाणसांत किती फरक पडतो, आणि एकाच माणसाचा स्वतःशी किती पडतो. त्याच मुलांची त्याच विषयातली लेखी परीक्षेची गुणपत्रिका तिसऱ्या रकान्यात लिहावी. वस्तू मात्र तक्ता पुरा होईपर्यंत मुलांना परत देऊ नयेत, कारण गुण जुळले नाहीत की त्या पुन्हा हातात घेऊन पाहाव्या लागतील.